गिरगावची कोथिंबीर

आमच्या शेजाऱ्यांना सानपाड्यात येऊन सहा वर्षं झाली, तरी कुणी विचारलं की म्हणायचे, "राहतो गिरगावात, सध्या इथे असतो." केस कापायला गिरगाव, चष्म्याला गिरगाव. दर शनिवारी भाजीसुद्धा तिथूनच. "तुमच्याकडच्या भाजीला वासच नाही हो!"

मुंबईचं घाऊक भाजी मार्केट तेव्हा नुकतंच तुर्भ्याला आलं होतं. मी साताऱ्याचा, तिथे माथाडी. गिरगावची भाजी रोज पहाटे माझ्याच पाठीवरून जाते, हे मी त्यांना कधी बोललो नाही.

एका शनिवारी ते आमच्याच मार्केटात दिसले. काखेत गिरगावच्या दुकानाची जुनी पिशवी, हातात कोथिंबिरीची जुडी. कसनुसं हसले. "गुडघे दुखतात हो. आईला बोलू नका. तिला गिरगावचीच लागते."

संध्याकाळी त्यांची आई कोथिंबीरवड्या घेऊन आमच्या दारात. "खाऊन बघा. तुमच्या मार्केटातल्या कोथिंबिरीला येईल का हा वास?"

मागे ते श्वास रोखून उभे. मी वडी तोंडात टाकली.

"छे हो आजी. गिरगाव ते गिरगाव."

पुढच्या शनिवारपासून ती पिशवी भरायला माझ्याकडेच येऊ लागली.