एका ब्लॉकची जागा

आमच्या लेआउटातल्या, म्हणजे वसाहतीतल्या, निम्म्या भिंती या एकाच गवंड्यानं बांधल्यात. प्रत्येक ब्लॉकवर थापीची मूठ तीनदा ठोकतो, आणि काहीही विचारा, उत्तर एकच, "नोडोण." कानडीत म्हणजे बघू. होही नाही, नाहीही नाही. मला रागच यायचा बघा त्याचा.

मागच्या शेतात नवं लेआउट झालं आणि माझी जाऊ तिकडे राहायला गेली. एकटीच असते, उभं राहून स्वयंपाक होत नाही तिला. दुपारचा डबा मीच नेत होते, दोन मिनिटांची पायवाट. मग नव्या लोकांनी ती वाट बंद करायचं ठरवलं, आणि भिंत घालायला आला हाच. रिंगरोडचा वळसा माझ्या गुडघ्यांना कुठला झेपायला!

म्हटलं, "अरे, फट तरी ठेव. जावेला जेवण कसं देऊ मी?"

"नोडोण, अज्जी." मान काही वर केली नाही.

संध्याकाळी भिंत पुरी झाली, फक्त कमरेच्या उंचीवर एक ब्लॉक नव्हता. मुकादमानं विचारलं तर म्हणे, "पाणी जायला." एवढं पाणी म्हैसूरनं कधी पाहिलंय हो!

आता डबा तिथून जातो. जाऊ काठी टेकत येते. तिचा हात दिसतो, तोंड नाही.

दसऱ्यात तिकडच्यांनी त्याला बोलावून सांगितलं, भोक बुजव. मी अलीकडे भिंतीला कान लावून उभी, आता ते तीन ठोके ऐकू येणार म्हणून.

"नोडोण," तो म्हणाला.

उगादी, म्हणजे आपला पाडवा, आली. तो अजून बघतोच आहे.