साहेब दोरीसकट पाण्यात
लढाई सुरू झाली आणि आमच्या फॅक्टरीतल्या लोकांना नागरी संरक्षणाचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं. मी नुकताच कामाला लागलो होतो, त्यामुळे ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती. एका रविवारी सकाळी आम्ही पंधरा-वीस जण नदीवरच्या ग्वारीघाटावर जमलो. विषय होता, बुडणाऱ्याला कसं वाचवायचं.

शिकवायला आमच्याच सेक्शनचे साहेब होते. चांगले देहाने भारदस्त, गळ्यात शिट्टी. ते घाटाला बांधलेल्या नावेच्या टोकावर उभे राहिले. सगळ्यांत किडकिडीत मी, म्हणून बुडणारा माणूस मला केलं. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून मी “बचाओ, बचाओ!” ओरडत होतो.

“और जोर से!” साहेब म्हणाले. “डूब रहे हो, सब्जी नहीं बेच रहे!”

मग त्यांनी समजावलं, “पहली बात, कोई कूदेगा नहीं. दूसरी बात, रस्सी फेंकेंगे.” आणि रस्सी खांद्यावर नीट गुंडाळून घेत त्यांनी ती फेकायची कशी, हे दाखवायला एक पाय मागे घेतला. मागे नाव संपली होती.

साहेब गेले ते दोरीसकट, आणि नेमके खोल पाण्याच्या बाजूला. वर आले तेव्हा हातपाय मारत होते, शिट्टी तोंडात, ती वाजत होती. पायऱ्यांवर टाळ्या पडल्या.

“क्या एक्टिंग है!” एक जण म्हणाला.

साहेबांनी शिट्टी थुंकली. “अरे, सच में डूब रहा हूँ!”

टाळ्या आणखी वाढल्या. शेवटी एकाला शंका आली. तो घाबरून ओरडला, “सर, रस्सी फेंकिए!”

माझी काकू त्याच घाटावर आंघोळीला आली होती. नऊवारी लुगडं धुऊन पिळत बसली होती. तिने एकदाच पाहिलं आणि उठली.

“अरे पोट्ट्यांनो, टाळ्या काहून वाजवून राहिले? माणूस मरून राहिला ना!”

पायरीवर पालथी पडून तिने लुगड्याचं टोक साहेबांकडे फेकलं. दुसऱ्यांदा त्यांच्या हाताला लागलं. “माझे पाय धरा!” ती ओरडली. मी पाण्यातून वर धावलो, आम्ही चौघांनी तिला धरलं, तिने लुगडं धरलं, आणि साहेब इंच-इंच करत पायरीला लागले.

बराच वेळ ते खोकत राहिले. मग ओल्या मिशा पुसून, आवाज शक्य तितका कडक करून म्हणाले, “सबने देखा? माताजी कूदी नहीं.”

“कूदती कैसे?” काकू म्हणाली. “मले पोहताच येत नाही.”

साहेब तिच्या बाजूला वाकले. मग अगदी हळू, फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाले, “मुझे भी नहीं आता, माताजी.”

मी मात्र शेजारीच उभा होतो. कुणाला सांगितलं नाही. पुढच्या रविवारी सकाळी घाटावर फिरायला गेलो, तर साहेब पाठीला रिकामा डबा बांधून उथळ पाण्यात पाय झाडत होते. एक म्हातारा नाववाला त्यांना शिकवत होता, आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर, तसाच डबा बांधून, नाक घट्ट दाबून, माझी काकू होती.