तुकारामभाऊंचा बुधवार

तुकारामभाऊंना इंग्रजी येतं हे आख्ख्या शाळेत फक्त मला माहीत होतं, आणि मी गप्प बसले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला शहाणपणा शिकवायला नको.

मी सुलक्षणा. दुबईत अल बर्शातल्या एका ब्रिटिश शाळेत सिक्स्थ फॉर्मच्या ऑफिसात बारा वर्षं बसतेय. सिक्स्थ फॉर्म म्हणजे आपली अकरावी-बारावी. फक्त इथे ही मुलं युनिफॉर्मऐवजी कोट घालून येतात आणि स्वतःच्या वेगळ्या खोलीत कॉफी पितात. बुधवारी दुपारी त्यांना तास नसतात. त्या वेळात प्रत्येकाने काहीतरी एक 'एनरिचमेंट' निवडायचं. कुणी वादविवाद घेतं, कुणी रोबोटिक्स, कुणी बॅडमिंटन, कुणी किनाऱ्यावरचा कचरा वेचतं. कोण कुठे गेलं, किती तास भरले, ते मी बघते. युनिव्हर्सिटीच्या अर्जात ते लिहायचं असतं, त्यामुळे एरवी मान वर न करणारी पोरंसुद्धा माझ्याशी गोड बोलतात.

त्यातलंच एक म्हणजे शाळेतल्या कामगारांना इंग्रजी शिकवणं. माझ्या टेबलाला लागून काचेची खोली आहे, तिथे दहा कामगार आणि दहा मुलं बसतात, एकासमोर एक. टर्म संपली की परीक्षा. पास झालात की सर्टिफिकेट मिळतं, असेंब्लीत टाळ्या होतात आणि खलास, तुमची जागा दुसऱ्याला. पंचवीस माणसं यादीत वाट बघत असतात. नापास झालात तर तीच टीचर, तेच पुस्तक, पुन्हा पहिल्यापासून.

तुकारामभाऊ डिसेंबरात नापास झाले. मार्चमध्येही झाले.

ते लांज्याकडचे, पन्नाशी उलटलेले. शाळेचे नळ, दिवे, गळके एसी त्यांच्याकडे. सतरा वर्षं दुबईत काढली. बायको चार वर्षांपूर्वी गेली, मुलगी सासरी सुखात आहे असं ते सांगायचे. राहायला अल क्वोजला, कंपनीच्या खोलीत सहा जण. बुधवारी जेवण उरकलं की हे गृहस्थ कोपरापर्यंत साबणाने हात धुणार, केस ओले करून विंचरणार आणि दहा मिनिटं आधी काचेच्या खोलीत जाऊन बसणार. मी चिडवायची, "काय भाऊ, बघायला येतायत की काय तुम्हाला?" ते नुसते हसायचे.

त्यांची टीचर ऋता. सतरा वर्षांची, अल मनखूलला राहणारी, आईबापांचा मसाल्यांचा धंदा. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. भाऊ तिला 'टीचर' म्हणायचे आणि ती त्यांना 'अंकल'. पोरीला खरंच शिक्षिका व्हायचं होतं, नुसते तास भरायला आली नव्हती. भाऊंच्या हत्यारांच्या पेटीतल्या प्रत्येक पान्याचा, पकडीचा फोटो काढून तिने खाली नावं लिहिली होती. सुट्टीच्या दिवशी बसून केलं होतं ते. तास सुरू झाला की आधी विचारायची, "अंकल, हाऊ वॉज युअर वीक?" आणि भाऊ अडखळत, शब्द शोधत बोलत राहायचे. काचेतून मला दिसायचं, ती हनुवटीवर हात ठेवून ऐकत असायची.

मेमध्ये दुसऱ्या मजल्यावर छतातून पाणी गळायला लागलं. बाहेरच्या कंपनीचा केनियन टेक्निशियन आला होता. मी फाइल घेऊन तिकडून चालले होते, तर शिडीमागून भाऊंचा आवाज. "माय फ्रेंड, द पाइप इज फाइन. समबडी ब्लॉक्ड द ड्रेन लास्ट समर अँड नोबडी चेक्ड इट आफ्टरवर्ड्स." एवढ्यावर थांबले नाहीत. रिपोर्ट हातात घेतला, वाचला आणि त्यातली चूक बोटाने दाखवली.

टेक्निशियन गेल्यावर मी त्यांना गाठलं. मी मुळात फटकळ. म्हटलं, "लाज नाही वाटत? ती पोर तुमच्यासाठी जीव काढतेय, आणि तुम्ही तिला बनवताय?"

ते शिडी पुसत राहिले. मग म्हणाले, "ताई, पास झालो तर बुधवार जाईल."

"म्हणजे काय?"

"खोलीत सहा जण आहोत. प्रत्येकाने आपल्या खाटेला पडदा लावलाय. कामावरून आलं की जेवायचं, पडद्याआड जायचं, कानात ते घालायचं आणि मोबाइल बघायचा. मी पण तेच करतो, दुसऱ्यांना काय नावं ठेवू. मुलीचा फोन येतो, जेवलात का विचारते, मी हो म्हणतो. तिची पोरं रडतात, फोन बंद. आठवड्यात एवढा एक तास कुणीतरी माझ्यासमोर बसतं. कुणाला सांगू नका, ताई."

मला रागच आला. त्यांचा नाही, कुणाचा ते सांगता येणार नाही. माझा नवरा सत्यजित समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर असतो, महिन्यातून चार दिवस घरी. मुलगा रेयांश मँचेस्टरला शिकतो. फोन केला की, "मॉम, कॅन आय कॉल यू लेटर?" मी कुकरमध्ये वरणभात लावते आणि तीन दिवस तेच खाते. तर मी कुठल्या तोंडाने त्या माणसाचा एक तास हिरावून घेणार होते? नाही सांगितलं कुणाला.

पण मी बघितलं याचा भाऊंनी धसका घेतला. आता संशय येईल म्हणून जूनच्या परीक्षेत त्यांनी जरा जास्तच काळजी घेतली. मार्चमध्ये चाळीसपैकी सोळा होते, जूनमध्ये सात.

दुसऱ्या दिवशी ऋता माझ्या टेबलापाशी आली. पुढच्या वर्षी कोणती एनरिचमेंट हवी त्याचा फॉर्म तिच्या हातात होता आणि त्यावर बॅडमिंटन लिहिलं होतं.

"ही इज गोइंग बॅकवर्ड्स, मिस. आय अ‍ॅम मेकिंग हिम वर्स." तिचे डोळे भरून आले होते. आपण शिक्षिका व्हायच्या लायकीचे नाही, असं तिने ठरवूनच टाकलं होतं. भाऊंना दुसरं कुणीतरी चांगलं शिकवेल, म्हणाली.

एक वाक्य बोलायचं होतं मला. बोलले असते तर ती पोर मोकळी झाली असती आणि भाऊंचा बुधवार गेला असता. नाही बोलले तर बुधवार राहणार होता, पण ही समोर नसणार. मला वाटलं, सुट्टीत बघू, सप्टेंबर लांब आहे. मी फॉर्मवर शिक्का मारला. त्या शिक्क्याची मला आजही लाज वाटते.

सप्टेंबरच्या पहिल्या बुधवारी भाऊ आले. वहीला नवं कव्हर घातलेलं. त्यांच्या समोरच्या खुर्चीवर एक नवा मुलगा लॅपटॉप उघडून बसला होता. भाऊ तसेच माझ्याकडे वळले.

"टीचर आजारी आहेत का, ताई?"

"बॅडमिंटनला गेली."

"का?"

"तुम्ही तिला नापास केलंत म्हणून," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. सांगताना आवाज चढला माझा. दोघांवर चिडले होते, त्यांच्यावर आणि स्वतःवर.

ते खुर्चीवर बसले. मिनिटभराने उठले, वही माझ्या टेबलावर ठेवली आणि थेट जिमखान्याच्या हॉलकडे निघाले. मी मागोमाग. मेंटेनन्सच्या निळ्या कपड्यांतला माणूस सरळ कोर्टापर्यंत चालत गेला, तशी खेळ थांबवून सगळी मुलं बघायला लागली.

"टीचर," ते एका दमात इंग्रजीत बोलले, एकदाही न अडखळता, "मी खोटं बोललो. मला सगळी उत्तरं येत होती. मी मुद्दाम चुकत होतो. तुमच्यात काही कमी नाही."

ऋता रॅकेट धरून उभी. "बट व्हाय, अंकल?"

"बिकॉज आफ्टर पासिंग, नो वेन्सडे."

तिने विचार केला. मग तिचा चेहरा असा काही खुलला की मला तिला दोष देताच येईना. इतके महिने जे मनावर घेऊन बसली होती ते उतरलं. त्यांचा हात दोन्ही हातांत धरून ती मनापासून म्हणाली, "ओ अंकल. यू कॅन ऑल्वेज से हाय टू मी."

"येस, टीचर," भाऊ म्हणाले.

टर्म संपायची वाट न बघता पुढच्याच आठवड्यात भाऊंची एकट्याची परीक्षा घेतली. चाळीसपैकी एकोणचाळीस. असेंब्लीत आठशे मुलांनी टाळ्या वाजवल्या, ऋताने शिट्टीसुद्धा मारली. हा सगळा किस्सा तिने युनिव्हर्सिटीच्या अर्जात लिहिला, मला वाचायलाही दिला. चांगला लिहिलाय. काचेच्या खोलीत भाऊंच्या जागेवर एक नेपाळी माळी बसायला लागला.

मी भाऊंना म्हटलं, बुधवारी माझ्याकडे चहाला येत जा, दुपारी मी असतेच. ते आले. अंगावर धुतलेला शर्ट होता. मी चहा दिला, बिस्किटं काढली आणि फोन वाजला. हजेरीची तक्रार होती. तो ठेवते तर एका आईचा फोन, मग दोन मुलं सही घ्यायला, मग परत फोन. मध्ये दोनदा मी भाऊंना हाताने 'बसा, बसा' अशी खूण केली. तिसरा फोन ठेवून मान वर केली, तर खुर्ची रिकामी आणि कप विसळून उपडा ठेवलेला.

सोमवारी मेंटेनन्सला द्यायची पुढच्या आठवड्याच्या कामांची यादी करत होते, तीही माझ्याच गळ्यात असते, तेव्हा भाऊ दारात आले. म्हणाले, "ताई, बुधवारी दुपारी मला गच्चीवरच्या टाक्यांचं काम लावाल का? तिकडे कुणी जायला तयार नसतं, मी करतो." उन्हाचं कशाला, असं मी म्हणणार होते. पण त्यांच्याकडे बघितलं आणि नाव लिहून टाकलं.