साहेबाच्या शिवेचा दगड

मस्कतच्या मराठी मंडळींत पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गाव कुठलं तुमचं?" मी वडिलांच्या बदल्यांत वाढलो, मला गावच नाही. म्हणून दर वेळी मी नवं सांगायचो. एकदा त्याच गावचा माणूस समोर निघाला. त्याला मी त्याच्याच जत्रेचं असं वर्णन ऐकवलं की बिचारा म्हणाला, "बऱ्याच दिवसांत गेलो नाही, बदललं असेल."

अशा मला गाव मिळालं ते आमच्या इंग्रज साहेबामुळे. त्याचे उपकार मी बसल्या जागी आठवतो, अगदी शब्दशः.

ओमानातल्याच रुस्ताक गावाला आमचं रस्त्याचं काम चालू होतं. साहेब सत्तरीचा आणि असा धिप्पाड की तो गाडीत बसला की त्या बाजूची दोन चाकं रस्ता खणत जायची. दिवसभर बोलणं एकच, इंग्लंडातलं त्याचं जुनं गाव. एके सकाळी मात्र चहा तसाच ठेवून गप्प. बहिणीचा फोन आला होता. गावातला एक नवा जमीनमालक ओढ्याकाठच्या पायवाटेला कुंपण घालणार होता. शिवेचा जुना दगड सापडला तर वाट गावाची, नाहीतर गेलीच. दगड पाहिलेला जिवंत माणूस एकटा साहेब, आणि त्याला जागा आठवेना.

तिकडची रीत त्याने सांगितली. वर्षातून एकदा अख्खा गाव शिवेवरून फिरायचा आणि दर दगडावर एकेका पोराला उचलून बुडावर आपटायचा, म्हणजे जागा मरेपर्यंत लक्षात राहते. ओढ्याचा दगड साहेबाच्या वाट्याला आला होता.

मी म्हणालो, "सर, मग पुन्हा आपटून बघू."

साहेब हसला नाही. शुक्रवारी स्वतःच तयार होऊन आला.

ओळखीच्या एका अर्बाबची, म्हणजे तिथल्या ओमानी मालकाची, खजुराची बाग होती. तिच्या हद्दीवर, फलजच्या म्हणजे पाण्याच्या पाटाच्या काठाला, एक दगड होता. अर्बाब, मी आणि आमचे दोन कोकणी फोरमन, चौघांनी साहेबाला उचललं. बिस्मिल्ला आणि गणपती बाप्पा एकाच दमात झालं. पहिल्यांदा नीट आपटला, पण काही आठवलं नाही. दुसऱ्यांदा हात निसटले आणि साहेब थेट पाटात. पाणी असं उसळलं की खालच्या सात बागा त्या दिवशी कोरड्या राहिल्या. कोणी पाच म्हणतात, पण ते तिथे नव्हते.

साहेब पाण्यातच बसून राहिला. हाड मोडलं या भीतीने आमचं धाबं दणाणलं. मग तो हळूच म्हणाला, "चड्डी भिजली म्हणून मी रडत घरी गेलो होतो. दगड काठावर नाहीच. ओढ्यात आहे, पुलाखाली."

तिकडे गावकऱ्यांनी पुलाखालच्या गाळात पहार खुपसली. दगड लागला. कुंपण खलास.

साहेब कायमचा परत निघाला तेव्हा मला पुन्हा त्याच बागेत घेऊन गेला. म्हणाला, "यल्ला, आता तू. तुला गाव नाही, मला माहीत आहे. आतापर्यंत चार तर मलाच सांगितलीस." त्याने आणि अर्बाबने मला उचललं, आणि नेम अजिबात चुकला नाही.

आता कोणी विचारलं की मी रुस्ताक सांगतो. आयुष्यात पहिल्यांदा खरं गाव सांगतोय, तर कोणाचा विश्वास बसत नाही. अर्बाबचा बसतो. मी गेलो की तो कॉफी ओततो, पाहुण्यांना खुर्च्या देतो आणि मला बोटाने दगड दाखवतो.