चेंडूकडे न बघणारे खेळाडू

खाणी बंद पडल्या आणि माझा थोरला भाऊ, खनिजाचे ट्रक चालवणारा माणूस, भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. पाववाला पोदेर सकाळचे उंडे देऊन जायचा, वहिनी चहा दोनदा गरम करायची, हा हलायचा नाही. चवथीच्या आधीचे दोन महिने तेवढा तो गावी, लाटंबार्शाच्या आमच्या चित्रशाळेत बसे. वडिलांच्या मागे गणपतीच्या मूर्ती तोच रंगवायचा. बाकीचे दहा महिने काय? मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा. रागच जास्त.

मी तेव्हा डिचोलीला टी-शर्टवर छपाई करायचे. क्रिकेटचे संघ, जत्रेची मंडळं, असली कामं. पेडण्यात मांद्र्याच्या किनाऱ्यावर एक टेनिसवेडा दुकानदार होता. त्याने सहा चित्रं मागितली: टेनिसमधले गाजलेले क्षण, छातीवर छापायला. मी म्हटलं, देवा, पावलास! दादाला अंथरुणातून उठवायला याहून चांगलं काम कुठलं?

टेनिस आम्हा दोघांनाही कळत नव्हतं. फोनवर जुने सामने लावून त्याच्यापुढे धरले. जिंकल्यावर हिरवळीवर उताणा पडलेला लांब केसांचा एक. नेटपाशी झेप घेऊन हवेतच आडवा झालेला एक. हरल्यावर राजघराण्यातल्या बाईच्या खांद्यावर रडणारी एक.

“पंधरा, तीस, मग चाळीस? पंचेचाळीस नको?” त्याने विचारलं.

“तू चित्र काढ रे. आकडे त्यांचे ते बघतील.”

तो हसला. कित्येक महिन्यांनी हसला. आठ दिवसांत सहाही चित्रं हातात ठेवली, तीही दाढीबिढी करून.

दुकानदार ती बघून खो खो हसत सुटला. “अहो ताई, हे सगळे माझ्याकडेच का बघताहेत? चेंडू कुठे, नजर कुठे!”

खरंच होतं. झेप घेतलेल्या त्या खेळाडूची रॅकेट एकीकडे आणि टपोरे डोळे थेट समोर. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मूर्तीची नजर समोर उभ्या राहिलेल्या माणसाला भेटली पाहिजे, हेच आम्ही जन्मभर बघत आलेलो. डोळे सगळ्यात शेवटी, घरातल्या एकानेच काढायचे आणि त्यावर दुसऱ्याने हात फिरवायचा नाही, ही आमच्या चित्रशाळेची रीत; वडिलांनंतर तो एक म्हणजे दादा.

दादाला सांगितलं तर तो पुन्हा भिंतीकडे वळेल, याची मला धास्ती. म्हणून मी शहाणपणा केला. छपाईच्या फिल्मवरची त्याने काढलेली बुबुळं ब्लेडने खरवडली आणि काळ्या पेनाने चेंडूच्या बाजूला सरकवली. रडणारीचे डोळे तर चक्क मिटून टाकले. अर्ध्या तासाचं काम. शर्ट झकास झाले, दुकानदाराने आणखी सहा चित्रं मागितली.

ही बातमी द्यायला मी एक शर्ट घेऊनच घरी गेले. त्याला काही कळायचं नाही, असं वाटलं होतं. मूर्ख मी. दादाने शर्ट मांडीवर पसरला आणि बराच वेळ बघितला.

“डोळे कोणी केले गो हे?”

“मी. दुकानदार म्हणाला म्हणून. चेंडूकडे बघायला हवं ना रे.”

“बरोबर आहे. खेळणारा चेंडूकडेच बघणार.” त्याने शर्टाची नीट घडी घातली. “मला सांगितलं असतंस तर मीच केलं असतं.”

आवाज चढवला नाही. मीच उगाच भांडले. तुझ्यासाठी केलं, तू नुसता पडून राहतोस म्हणून केलं, वगैरे वगैरे. 

ती पुढची सहा चित्रं त्याने काढली नाहीत. चवथ जवळ आली तेव्हा मूर्ती रंगवल्या, सोंड, मुकुट, पीतांबर सगळं केलं, आणि डोळ्यांपाशी येऊन ब्रश माझ्या हातात दिला.

“तूच काढ. तुझा हात बरा आहे.”

चिडून बोलला असता तर मी तो ब्रश फेकून दिला असता. मी काढले, सगळ्या मूर्तींचे, आणि दर मूर्तीनंतर मान वर करून त्याच्याकडे बघितलं. काहीतरी चूक काढ रे, मनातल्या मनात म्हणत होते. त्याने एकही काढली नाही.