पत्र्याला नाही म्हटलं तेव्हा

लातूरला आमच्या गच्चीवर उभं राहिलं की चारी बाजूंना पत्रे दिसतात. निळे, लाल, गंजलेले. दुकानांच्या इमारतींवर, क्लासवर, हॉस्टेलवर, सगळीकडे. स्लॅब गळायला लागला की वर लोखंडी खांब उभे करायचे आणि पत्रे टाकायचे, हा आमच्याकडचा सर्वमान्य इलाज. मग पत्र्यांखाली हळूच भिंती येतात, भिंतींच्या आत कॉट नाहीतर मेसच्या चुली येतात, आणि हे सगळं गळतीसाठी सुरू झालं होतं हे कुणाला आठवतही नाही.

आमची इमारत माझ्या नवऱ्याच्या आणि धाकट्या दिरांच्या नावावर आहे. खाली दुकानं, त्यात एक कापडाचं दुकान दिरांचं. मधे दवाखाना. सगळ्यात वर मुलींची अभ्यासिका, ती माझी. नवरा नोकरीसाठी नांदेडला, शनिवारी येतो. अभ्यासिका मी सुरू केली तेव्हा घरात कुणी विरोध केला नाही, कारण कुणाला ती टिकेल असं वाटलं नव्हतं. ती टिकली. औशाच्या, उदगीरच्या, अहमदपूरच्या मुली इथं एकेका खोलीत चौघी-पाचजणी राहतात. तिथं वाचन होत नाही. त्या सकाळी माझ्याकडे येतात, आपापल्या टेबलाशी बसतात आणि दिवसभर तिथं पान उलटल्याचा तेवढा आवाज असतो. आयुष्यात मी एकटीनं उभी केलेली ही एकच गोष्ट.

स्लॅब गळत होता हे खरं. डांबर लावून झालं होतं. त्याच्यावर कोबा झाला होता, कोब्यावर पांढरा रंग. दरवर्षी तडा नवी जागा शोधायचा. एका पावसाळ्यात कपाटामागून पाणी उतरलं आणि पुस्तकं फुगली. तेव्हा भाऊजींनी विषय काढलाच.

"वहिनी, लई झालं आता. पत्रे टाकून घेऊ. वर मेस काढू. जिन्याची वाट तुमच्या हॉलमधूनच जाईल, मेसचं सामान तिथंच राहील. पोरींना काय, कुठंबी बसतील."

"कुठं बसतील?"

"लातूरात जागा कमी हाय का?"

म्हणजे पत्रे आले की अभ्यासिका गेली. जरी राहिली असती तरी पत्र्यावरच्या पावसाखाली कोण वाचणार? आणि आमचा मे महिना पत्र्याखाली काढून बघावा एकदा.

मी दुसरा इलाज शोधत होते आणि तो मला नांदेडला सापडला. नवऱ्याची भाड्याची खोली वरच्या मजल्यावर आहे. तिच्या खिडकीतून समोरच्या औषधांच्या गोदामाचं छत दिसतं. एका शनिवारी तो येणार नव्हता म्हणून मी गेले होते. सकाळी चहा घेताना बघते तर छतावर माणसं एक भलामोठा पांढरा कपडा अंथरत होती. कपडा नव्हता तो. जाड, रबरासारखी लवचीक शीट, रुंद गुंडाळीतून उलगडत आणत होते. दुसरी पट्टी पहिलीच्या कडेवर चढवायची, दोन्हींच्या मधे गरम हवेच्या यंत्राचं तोंड घालायचं आणि मागोमाग छोट्या रुळानं दाबत जायचं. इस्त्री करावी तसं. कडा वितळून एकजीव होत होत्या. खिळा नाही, डांबर नाही. सगळं छत म्हणजे एकच कातडी.

चहा तसाच ठेवून मी खाली उतरले आणि त्या गोदामावर चढले. तिथला मिस्त्री नांदेडचाच, माझ्याच वयाचा, तोंडाळ माणूस. मी प्रश्न विचारायला लागले. शीटची जाडी किती, जोड किती रुंद, ऊन किती वर्षं सोसते, उतार कमी असेल तर पाणी साचून काय होतं. त्यानं काम थांबवलं.

"ताई, तुम्ही छत करून घेणार का माझी परीक्षा?"

"आधी परीक्षा. पास झालात तर छत."

"मग लिहून घ्या. मेरी जोड निघाली तर मिशी उतरवून देतो."

"तुम्हाला मिशी कुठंय?"

"तेच तो बोल रहा ताई. जोड निघतच नाही, मिशीची जरूरतच नाही."

त्याचं बोलणं मी धरलं नाही, पण त्यानं गोदामाचं जुनं अंग दाखवलं. चार पावसाळे काढलेली तीच शीट, तेच जोड. मी स्वतः नखानं ओढून पाहिले. एकही उचलला नाही.

लातूरला परत येऊन मी घरात सांगितलं. सासूबाई, भाऊजी, शनिवारचा नवरा, सगळे होते.

भाऊजी हसले. "प्लास्टिक? स्लॅबवर प्लास्टिक अंथरणार? अन् कशासाठी? ज्या गावात नळाला पाणी यायची मारामार, तिथं वहिनी पाणी अडवायला निघाल्या!"

"नळाचं येत नाही, स्लॅबातून मात्र रोज येतं. तेच अडवते."

सासूबाई हसल्या. भाऊजींना ते आवडलं नाही. "ठीक हाय. पण गळलं तर?"

"येत्या पावसाळ्यात वरून एक थेंब जरी आत आला, तर तुमचे पत्रे टाका. मी आडवी येणार नाही."

हे मी म्हटलं. भर बैठकीत, सगळ्यांसमोर, मोजून-मापून बोलणारी बाई असून.

काम उन्हाळ्यात झालं. जुना कोबा घासून, खडे झाडून, त्यावर जाड पांढरं कापड आणि कापडावर शीट. कठड्यावर वीतभर चढवून वरून पट्टी मारली. पाईप जिथं स्लॅबातून वर येतात तिथं शीटचेच गोल गळपट्टे कापून चिकटवले. रोज संध्याकाळी मिस्त्री हातात बोथट टोकाचा आकडा घेऊन प्रत्येक जोडावरून फिरायचा, कुठं टोक शिरतंय का बघत. मी त्याच्या मागून फिरायचे, तोच आकडा घेऊन, तोच जोड.

"ताई, मी बघितलंय ना."

"तुम्ही बघितलंय. मी नाही बघितलं."

काम संपल्यावर मी घरात आणि भाडेकरूंना सांगून टाकलं. गच्चीवर चपला नाहीत. खिळा नाही, मंडपाचा बांबू नाही, पापडाची खाट नाही, टीव्हीची डिश नाही. जिन्याच्या दाराला कुलूप, एक किल्ली माझ्याकडे, एक घरात खुंटीवर. शेजारच्या दुकानदाराला हसू आवरेना. "गच्ची हाय का देवघर?" हॉलमध्ये मी थर्मामीटर लावला होता. काम होण्याआधी तो दुपारी जिथं चढायचा तिथं पुन्हा चढला नाही. मुलींनी पंख्यांचा वेग स्वतःहून कमी केला, हे मला आकड्यापेक्षा जास्त पटलं.

मग नवरा तापानं पडला म्हणून मी आठवडाभर नांदेडला गेले. परत आले तर सासूबाईंनी हातावर पेढा ठेवला. "नव्या छताचा नारळ फोडला गं, धाकट्याच्या हातानं. कालच चांगला दिवस होता."

मला बरंच वाटलं. आमच्याकडे स्लॅब पडला तरी नारळ फुटतो, बोअरला पाणी लागलं तरी फुटतो. छताचा फुटला तर काय बिघडलं?

पावसाळा आला. जून-जुलै कोरडे गेले. ऑगस्टात थोडा पडला, गळलं नाही. भाऊजी येता-जाता विचारायचे, "काय वहिनी, बोट बुडाली का?" मी म्हणायचे, "अजून तरंगतेय." सप्टेंबरात परतीचा पाऊस लागला तो लागलाच. तिसऱ्या दिवशी दुपारी उदगीरची एक मुलगी माझ्या टेबलापाशी आली आणि अगदी हळू म्हणाली, "काकू, माझ्या वहीवर पाणी पडलं."

मी वर पाहिलं. स्लॅबला एक थेंब लटकला होता. सुटला. दुसरा जमायला लागला.

बातमी खाली जायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला आणि भाऊजी फॅब्रिकेशनवाल्याला घेऊन वर आले. तो टेप लावून खांबांच्या जागा मोजायला लागला, त्याच शीटवर, बूट घालून.

"बूट काढा आधी," मी म्हटलं.

"आता कशाला, वहिनी? शीट तर निघणारच हाय."

"निघेल तेव्हा निघेल. आत्ता आहे."

त्यानं बूट काढले. मी नांदेडला फोन केला. मिस्त्री दुपारपर्यंत पोचला. आल्याआल्या त्यानं प्रत्येक जोडावरून आकडा फिरवला आणि निकाल दिला की गळती गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची आहे, शीटची नव्हेच. टाकी मी आदल्या संध्याकाळीच रिकामी करून ठेवली होती आणि थेंब तरी पडतच होते. तसं सांगितल्यावर त्यानं आकडा खिशात घातला.

मी खाली जाऊन थेंबाच्या जागेपासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजून आणलं. शीटखाली शिरलेलं पाणी शिरलं तिथंच खाली पडत नाही. स्लॅबच्या उताराला लागतं आणि वाटेत तडा भेटला की उतरतं. आमच्या स्लॅबचा उतार ईशान्येकडून नैऋत्येकडे आहे. वर येऊन मी थेंबाच्या जागेपासून उलटी, चढाकडे चालत गेले. वाट टाकीच्या मागं, ईशान्य कोपऱ्यात संपली. तिथं कुजलेली फुलं होती, नारळाची करवंटी होती. करवंटी उचलली.

खाली भोक होतं, रुपयाएवढं. कडा आकसून काळ्या झालेल्या, बाजूला कुंकवाचा डाग.

मिस्त्री वाकला. "या अल्ला. ये तो जला है."

"भाऊजी, कापूर कशात लावला होता?"

"कशात म्हणजे? खालीच. फरशीवर लावतो तसा." मग त्यांच्या लक्षात आलं मी का विचारतेय. आवाज चढला. "चपला जिन्यात काढल्या आम्ही! सगळ्यांनी! तुमचा नियम पाळला! अन् देवाच्या कापरानं भोक पडलं म्हणता?"

चपला काढल्या, कापूर पेटवला. शुभकार्यात ईशान्येलाच हवा म्हणून टाकीमागची जागा शोधून पेटवला. यात भाऊजींचा हेतू वाईट नव्हता. आमच्याकडे फरशीवर कापूर लावल्यानं आजवर काही बिघडलेलं नाही. फरशी वितळत नाही.

सासूबाई गुडघे धरत वर आल्या होत्या. मी उरलेल्या शीटचा तुकडा जिन्यातल्या फरशीवर त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी कनवटीतून कापराची वडी काढली, त्यावर ठेवली आणि काडी ओढली. ज्योत सरळ उभी राहिली. तुकडा आधी सुरकुतला, मग मधे खचला, मग आरपार खालची फरशी दिसली.

"बघ रे," सासूबाई भाऊजींना म्हणाल्या.

भाऊजींनी वाकून बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बरं. माझ्या हातानं झालं. पण वहिनी, थेंब आला का न्हाई?"

"आला."

"तुम्ही म्हणला होता, एक थेंब. कुणामुळं, कसा, असं काय म्हणला नव्हता."

"नव्हते म्हटले."

फॅब्रिकेशनवाला टेप धरून उभा होता. सगळे माझ्याकडे बघत होते. मला सोपी पळवाट होती. भोक तुम्ही पाडलं, म्हणून शब्द फुकट. कुणीही मान्य केलं असतं. पण मी अटीत तसं काही घातलं नव्हतं आणि घालायला हवं होतं हे आता सुचून उपयोग नव्हता. शब्द सरळ होता. थेंब सरळ वहीवर पडला होता. खाली मुली बसल्या होत्या आणि त्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

"शब्द माझाच होता, भाऊजी," मी म्हटलं. "तो मी मोडतेय. तुम्ही चुकलात म्हणून नाही. मला पत्रे नकोत म्हणून."

"म्हणजे?"

"म्हणजे पत्रे येणार नाहीत. यांना टेप गुंडाळायला सांगा."

"चार माणसांत दिलेला शब्द!"

"चार माणसांतच मोडतेय. लपून नाही. खांब रोवायला आलात तर मी इथंच खुर्ची टाकून बसेन. आणि इमारतीचा अर्धा हिस्सा माझ्या नवऱ्याचा आहे, त्याची सही आणा."

भाऊजींनी खिशातून फोन काढून तिथंच लावला. नवऱ्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "तिला विचार," एवढंच तो म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या माणसाला मी कधी इतकं मानलं नव्हतं.

सासूबाई माझी बाजू घेतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "छताचं तुझं बरोबर असंल. पण शब्द मोडला हे बरं न्हाई केलंस." आणि जिना उतरून गेल्या.

मिस्त्रीनं भोकाभोवतीची शीट कापून खालचं कापड वाळवलं. वर ठिगळ लावलं, चारी कोपरे गोल कापून, कारण टोकदार कोपरा आधी उचलतो. रूळ फिरवून झाल्यावर त्यानं आकडा आपणहून माझ्या हातात दिला. मी चारी बाजूंनी ओढून पाहिलं. शीट तसूभर उचलली नाही. पाऊस पुन्हा आला. मुलीच्या टेबलावर काही पडलं नाही.

भाऊजी वर्षभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. भावकीत ही गोष्ट माझ्याआधी पोचते. परवा अहमदपूरला एका लग्नात पंगतीला बसले होते. शेजारी एक चुलत सासूबाई, कधी न भेटलेल्या. त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"तूच का गं ती? चार माणसांत शब्द मोडणारी?"

"हाव," मी म्हटलं. "मीच."

"अन् लाज न्हाई वाटली?"

"वाटली. पण पत्रे न्हाई येऊ दिले."

मग आपल्या पत्रावळीवरचं पाणी निपटत त्यांनी विचारलं, "ते प्लास्टिक... आमच्या आडत दुकानावर बसंल का?"

"बसेल," मी म्हटलं. "पण आधी वर चढून उतार बघावा लागेल. आणि तुमच्याकडे पूजा कोण करतं, तेही सांगा."