ड्रेस्डेनचे सतरा सर्व्हर

धम्मपाल गजभियेला अर्धवट काम बघवत नाही, आणि तिथेच त्याचा घात झाला.

स्टुटगार्टला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तो सर्व्हर सांभाळतो. बायको क्रांती ड्रेस्डेनला संशोधक, आठ वर्षांची लेक मैत्री तिच्याजवळ. दर शुक्रवारी सहा तास जायचं, रविवारी सहा तास यायचं. तीन वर्षं हेच. त्यामुळे जेव्हा फोगेल साहेबांनी सांगितलं, की ड्रेस्डेनच्या कारखान्यातले सर्व्हर इथल्या सामायिक स्टोरेजला जोड, मग तिथे एक माणूस लागेल, तुलाच पाठवतो, तेव्हा त्याने कंबर कसली. साहेबांना घरचं मात्र काही सांगितलं नाही. घरचं रडगाणं ऑफिसात गायचं नाही, हा त्याचा बाणा.

पण जर्मनीत कंबर कसायलाही आंत्राग, म्हणजे अर्ज, भरावा लागतो! सतरा सर्व्हर, सतरा अर्ज. अर्ज एकाने करायचा, मंजूर दुसऱ्याने. तो दुसरा सुटीवर, आणि त्याच्या जागी कोण, तर धम्मपालच. तीन आठवडे तो स्वतःच्याच अर्जांकडे बघत बसला. नुसता वैताग.

परवानगी आली तर नवं दुखणं. दोन शहरांमधली नेटवर्कची लाइन क्षणभर तुटली की तिकडचे सर्व्हर स्टोरेजची वाट बघत अडकून बसायचे, कुणीतरी जाऊन ते पुन्हा सुरू करायचे. शेजारच्या टेबलावरच्या केतनने जेवताना सुचवलं, "अरे, तेवढं राहू दे की. तिथे माणूस लागतो हे दिसायला नको?"

धम्मपालला ते पटलं नाही. दोन आठवडे डोकेफोड करून त्याने अशी सोय केली, की लाइन तुटो नाहीतर वीज जावो, सगळे आपापले परत जोडले जातील.

सोमवारी साहेबांनी मुद्दाम लाइन तोडायला लावली. पाच मिनिटांनी जोडली, तर सतराच्या सतरा सर्व्हर मुकाट्याने हजर. साहेबांनी उठून हात मिळवला. गेनाऊ, अगदी हेच हवं होतं, म्हणाले, आता ड्रेस्डेनला कुणी बसायला नको, तुझाही एवढ्या लांब जायचा त्रास वाचला.

संध्याकाळी धम्मपालने फोनवर हे क्रांतीला सांगितलं. ती म्हणाली, "आम्ही इथे आहोत, एवढं तरी सांगायचं होतंस त्यांना."

मागून मैत्रीने जर्मनमध्ये विचारलं, बाबा राहायला कधी येणार?

धम्मपालने शुक्रवारच्या गाडीची वेळ सांगितली.